मागून मदत : निरंक

जी वही मी बायकोचा आळस सिद्ध करण्यासाठी सुरू केली, तिच्या झेरॉक्स आता इस्पितळाच्या फाईलला लावलेल्या आहेत. आधी रक्ताचे रिपोर्ट, मग सुया टोचून काढलेला नसांचा आलेख, आणि त्याच्यामागे माझी चौऱ्याहत्तर पानं. हिच्या पायांतली ताकद केव्हापासून आणि किती वेगाने जाते आहे, ते त्या पानांत आहे आणि हिचं पुढचं सगळं त्यावरून ठरायचं होतं. मोठे डॉक्टर ती पानं बोट ठेवून वाचतात. अक्षर छान आहे, असंही एकदा म्हणाले. उभ्या आयुष्यात माझ्या लिखाणाला असा वाचक मिळाला नव्हता. मिळाला तो असा मिळाला. हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा, मी दोन्ही करून पाहिलं आहे.

माझी नोकरी पाण्याच्या टाकीवर. दर तासाला टाकीतली पातळी बघायची आणि रजिस्टरात लिहायची. तारीख, वेळ, पातळी, शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. दुसरा नियम, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही करून दुरुस्तीच्या दिवसाची तारीख घालायची. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव रकान्यांचा होतो. घरात दूध उतू गेलं तरी माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. हे मी कौतुकाने सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगतो.

टाकी टेकडीवर आहे आणि टेकडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरू होते. दोन किलोमीटरचा चढ, तीन वळणं. तो मी रोज सायकलने चढत असे, एकटा. एकट्याने चढ चढण्याचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. सगळा कारभार आपल्या पायांचा. दम लागला तर आपला, थांबलो तर आपल्या मर्जीने. सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायची लहर आली तर कुणाची परवानगी काढावी लागत नाही. शिव्या द्यायच्या तर चढाला द्याव्यात, मनावर घेणारं कुणी नसतं. आणि मुख्य म्हणजे वर पोचल्यावर जो वेळ लागला तो आपला असतो, त्यात वाटेकरी नाही. माझा वेळ होता अकरा मिनिटं वीस सेकंद.

टाकीला लागूनच शाळा आहे आणि तिथल्या ग्रंथालयात ही काम करते. ती बसने यायची. मग एके दिवशी बस दुसऱ्या वळणावर अशी अडकली, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. तिला बाहेर काढायला अख्खा दिवस गेला आणि त्यानंतर चढावरची बस कायमची बंद झाली. स्कूटर मी चालवत नाही. का ते विचारू नका, त्यात एक भिंत आहे आणि भिंतीचा मालक अजून बोलत नाही. हिला सायकल चालवता येते, फक्त तोल सांभाळता येत नाही, असं ती म्हणाली. म्हणजे पोहता येतं, फक्त पाण्यात नाही, असं मी म्हणालो. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

तोडगा काढला शेजारच्या ओव्हरसियरकाकांनी. हे बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, पण तपासणी सुरूच आहे. आमची टेकडी, आमचा जिना, आमचा संसार, सगळ्यावर त्यांचं लक्ष असतं. ते म्हणाले, "जोडसायकल घ्या. दोन सीट, दोन पायडलच्या जोड्या, चेन एकमेकांना बांधलेली. तुम्ही पुढे, वहिनी मागे."

"चढावर जमेल का?" मी विचारलं.

"अहो, दोन माणसं म्हणजे दुप्पट ताकद. तुम्हाला एकट्याला अकरा मिनिटं लागतात ना? मग दोघांना साडेपाच. साधं गणित आहे."

वजनही दुप्पट होतं, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही. नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

जोडसायकल आमच्या सायकलवाल्याकडेच निघाली. दुकानाच्या मागच्या बाजूला सात वर्षं फडक्याखाली पडून होती. एका जोडप्याने सांगून बनवून घेतली होती. सायकल तयार होईपर्यंत जोडपं राहिलं नाही, असं सायकलवाला चेनला तेल सोडत म्हणाला. ही म्हणाली, "अपशकुनी दिसतेय." मी म्हणालो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही. पण हल्ली ते वाक्य मला अधूनमधून आठवतं.

पहिल्याच सकाळी पहिल्या वळणावर हवालदारांनी हात केला. "डबलसीट?"

"नाही, ही दोघांसाठीच बनवलेली आहे," मी म्हणालो.

"दोघं बसलाय ना? मग डबलसीटच. दोघांसाठी आहे याचं पत्र आणा."

मी वाहतूक कार्यालयात गेलो. तिथे विचारलं, इंजिन आहे का? नाही म्हणालो. मग आमच्याकडे नाही, म्हणाले. नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की सायकलचे परवाने वीस वर्षांपूर्वी बंद झाले, आणि जी गोष्ट बंद आहे तिच्यातून सूट कशी देणार? यात तर्क होता, त्यामुळे मी निमूट परत आलो. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं, 'सदर सायकल दोन व्यक्तींसाठी असून त्यावर दोन व्यक्ती बसल्यास हरकत नसावी,' आणि खाली गोल शिक्का मारला. शाळेचा सायकलींशी काय संबंध, असं हवालदारांनी विचारलं नाही. गोल शिक्का बघून त्यांनी सलामच ठोकला.

आता त्या चढाबद्दल. जोडसायकल सपाटीवर वाऱ्यासारखी पळते आणि उतारावर तर देवाचं नाव घ्यायलाही सवड देत नाही. पण चढ लागला की तिचं रूप बदलतं. दोघांचे पाय एकाच चालीने फिरायला लागतात, माझी चाल पुढे आणि हिची मागे, असं चालत नाही. उभं राहायचं तर आधी ओरडून सांगायचं. थांबायचं तर दोघांनी ठरवून थांबायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेन बांधलेली असल्यामुळे मागचे पायडल फिरतातच. मागच्याने जोर लावला तरी फिरतात, नाही लावला तरी फिरतात. पुढच्या माणसाला काही कळायला मार्ग नसतो. वळून बघितलं तर बाई पाय फिरवताना दिसते, आणि वळून बघितलं की सायकल गटारात जाते.

पहिल्या दिवशी तेरा मिनिटं दहा सेकंद लागली. एकट्याला अकरा वीस, दोघांना तेरा दहा. मी काकांना सांगितलं. काकांनी भुवया गोळा करून विचार केला आणि म्हणाले, "मग एक इंजिन बंद असणार."

हे वाक्य काकांनी सहज टाकलं आणि ते चहा प्यायला घरात गेले. माझ्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं ते बसलंच. त्याच संध्याकाळी मी वही आणली. तारीख, वेळ, वारा, शेरा. पहिलाच शेरा लिहिला, 'मागून मदत : निरंक.' लिहून झाल्यावर जे समाधान वाटलं, ते कबूल करायला मला आज लाज वाटते.

मग रोजचाच परिपाठ झाला. वर पोचलं की ती शाळेच्या फाटकातून आत जाई आणि मी टाकीच्या पायरीवर बसून आधी हिचा हिशोब लिही, मग पाण्याचा. 'मदत निरंक.' 'मागून फक्त गाणं.' 'वाऱ्याचा अडथळा नसूनही तेरा चाळीस.' 'दुसऱ्या वळणावर "उतरू का" असं विचारलं. उत्तर दिलं नाही.' 'आज निरंकपेक्षाही कमी.' हा शेवटचा शेरा नियमात बसत नाही, पण त्या दिवशी माझ्या मांडीत पेटके आले होते.

तिला मी तोंडावर काही बोलत नसे. फक्त चढावर मध्येच, पुढे बघत, "मागे सगळं ठीक ना?" असं विचारायचो. विचारण्याची तऱ्हा अशी, की ठीक असेल तरी माणसाला ओशाळं वाटावं.

"ठीक आहे की. का?"

"नाही, सहज. जड जातंय जरा."

"तुमचं गुडघ्याचं दुखणं असेल," ती मागून म्हणायची.

माझ्या गुडघ्यांना त्या वेळेपर्यंत काहीही झालेलं नव्हतं. तीही आपल्या परीने हिशोब लिहीत होती, फक्त वहीशिवाय.

तिसऱ्या महिन्यात चौदा मिनिटं झाली, चौथ्यात पंधरा. घरात इतर गोष्टीही घडत होत्या आणि त्या मी पाहत होतो. जिन्यावरून उतरताना तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटायची. एकदा ती निसटून थेट काकांच्या दारात गेली आणि काकांनी ती दोन बोटांत धरून, पंचनामा केल्यासारखी, आणून दिली. मग तिने बंदाचे बूट घेतले. उंबऱ्याला ठेच लागायची, तीही उजव्याच पायाला. मी म्हणालो, "बघून चालावं माणसाने." सगळं पाहणं हा माझा धंदा आहे. पण टाकीवर पातळी उतरली की मी फोन उचलून वर कळवतो. घरात कळवायचं कुणाला, असं मला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. दुसरंच खरं असेल.

पंधरा मिनिटांवर मी काकांकडे गेलो. म्हणालो, आता पुरावा पाहिजे. ते म्हणाले, "त्यात काय. वहिनींच्या वजनाची वाळूची गोणी मागच्या सीटवर बांधा आणि चढा. गोणी जोर लावत नाही, हे तर मान्य? गोणीलाही पंधराच मिनिटं लागली, तर इंजिन बंद. जास्त लागली, तर चालू." काका उगाच ओव्हरसियर झाले नव्हते.

वाळू त्यांच्या कुंपणाच्या कामातली शिल्लक होती. हिचं वजन मी एका जुन्या तपासणीच्या कागदावरून परस्पर काढलं, अठ्ठावन्न किलो. विचारण्याची हिंमत कुणात आहे? रविवारी सकाळी ही बाजारात गेल्यावर आम्ही गोणी तोलून शिवली, सीटवर उभी केली आणि दोरखंडाने जखडली. काकांनी गाठ दोनदा तपासली. मी निघालो.

पहिल्या वळणापर्यंतच नऊ मिनिटं गेली. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. रस्ता होता तोच होता, पण कुणीतरी तो उभा करून ठेवल्यासारखा वाटत होता. मागून गाणं नव्हतं, "उतरू का" नव्हतं, नुसतं वजन होतं. मी दातओठ खाऊन पायडल दाबत होतो आणि सायकल एकेक हात सरकत होती. दुसरं वळण समोर दिसायला लागलं तेव्हा चौदा मिनिटं झाली होती, आणि तिथे ती जागच्या जागी थांबली. थांबलेली सायकल काय करते, ते तुम्हाला माहीत आहे. मी डाव्या अंगावर पडलो, सायकल माझ्यावर पडली आणि गोणी सायकलवर. शिवण उसवून वाळू माझ्या खिशात, कानात आणि बुटांत गेली.

पहिल्या वळणावरून हवालदार धापा टाकत वर आले. मला त्यांनी बाहेर काढलं, बसवलं, पाणी दिलं. मग वही काढली. म्हणाले, "पत्रात दोन व्यक्ती म्हटलंय. ही व्यक्ती आहे का?"

मी नाही म्हणालो.

"मग मालवाहतूक झाली."

शेवटी गोणी ही पत्नीच्या ऐवजी आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वही मिटून खिशात ठेवली. पुढे कित्येक दिवस ते हिला जरा जास्तच अदबीने नमस्कार करायचे.

काका खाली वाट पाहत होते. माझा अवतार बघूनही त्यांनी आधी वेळ विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे वहिनी जोर लावतात. चांगलाच लावतात. सिद्ध झालं."

"गोणी वळणावर झुकत नाही, माणूस झुकतो," मी म्हणालो. "प्रयोग सदोष आहे."

"तुम्ही दुसऱ्या वळणापर्यंत पोचलाच नाहीत. ते असू दे, वहीत लिहा तरी."

मी लिहिलं नाही. सव्वीस वर्षांत पाण्याची एक नोंद मी कधी गाळली नव्हती, टाकी कोरडी पडली तेव्हाही शून्य लिहून सही केली होती. पण ती नोंद मी गाळली. हिला सांगितलं की रस्त्यात पाय घसरला. तिने जमिनीवर बसून माझ्या गुडघ्याला मलम लावलं. लावून झाल्यावर उठायला तिने पलंगाचा कठडा धरला. पहिल्यांदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा उठली. मी वर बसून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो की हिला व्यायाम कमी पडतो.

पाचवा महिना, सहावा महिना. सोळा मिनिटं, सतरा. शेऱ्यांची भाषा बिघडत गेली. सातव्या महिन्यात सायकल सर्व्हिसिंगला दिली, कारण दोष चेनचा असेल अशी शेवटची आशा होती. संध्याकाळी आणायला गेलो तर सायकलवाला मागच्या पायडलशी वाकून बसला होता.

"हे बघा," तो म्हणाला. "डाव्या पायडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय. उजवं कोरं आहे, दुकानातून नेलं तसंच."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? सापडली एकदाची. मी दोन्ही रबरं काढून खिशात घातली आणि घरी येऊन टेबलावर तिच्यापुढे मांडली. ती भाजी निवडत होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"डावं तुझं. हे उजवंही तुझंच. उजव्या पायाने तू सात महिने काही केलेलं नाहीस. आता तरी कबूल कर."

तिने दोन्ही रबरं हातात घेतली, उलटसुलट केली. कोरं रबर अंगठ्याने दाबून बघितलं. मला भांडण अपेक्षित होतं, मी तयारीतच होतो. ती म्हणाली, "अहो, मी तर दोन्ही पायांनी जोर लावते. मला वाटायचं, तुम्हीच आता लावत नाही."

मग ती उठली आणि भिंतीला हात न लावता डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली. राहता आलं. मग उजव्याच्या. टाच जमिनीवरून उचललीच गेली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा, आणि आपल्याच पायाकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी, बघत राहिली. मी पुढे होऊन तिला धरलं. मला भीती वाटली, अगदी साधी भीती. एवढ्या महिन्यांत वाटायला हवी होती ती सगळी एकदम वाटली.

एका डॉक्टरांकडून दुसरे, दुसऱ्यांकडून मोठे. आजाराचं नाव लांबलचक आहे. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं, तो कागद माझ्या पाकिटात आहे आणि तिथेच राहू दे. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा नसांचा आजार आहे आणि तो दोन तऱ्हांनी जातो. एक झपाट्याने, वर्षा-दोन वर्षांत सगळं घेऊन जाणारा. दुसरा हळू, वर्षानुवर्षं रेंगाळणारा. औषधं वेगळी, तयारी वेगळी. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन-अडीच महिने असतील," ही म्हणाली.

डॉक्टरांनी आलेखाकडे बघितलं. एवढा पाय अडीच महिन्यांत गेला असेल तर ती पहिलीच तऱ्हा, हे त्यांनी म्हटलं नाही, पण पेन खाली ठेवलं. आणि मी, जन्माची खोड, म्हणालो, "माझ्याकडे नोंदी आहेत."

"आणा," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी वही काढली आणि शेरे वाचले. पानं फाडावीत असं वाटलं. हात लावला आणि परत घेतला. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून नेली. डॉक्टर म्हणाले, "वाचा, वेळ आणि शेरा." ही शेजारच्या खुर्चीत बसलेली. मी वाचायला लागलो.

"तेरा दहा. मागून मदत निरंक." डॉक्टर लिहून घेत होते. "तेरा पंचवीस. निरंक. तेरा चाळीस. मागून फक्त गाणं." आवाज खाली गेला की डॉक्टर "मोठ्याने" म्हणायचे. "चौदा पाच. 'उतरू का' असं विचारलं. उत्तर दिलं नाही."

"दोनदा विचारलं होतं," ही म्हणाली.

"चौदा पन्नास. आज निरंकपेक्षाही कमी."

डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. "हे निरंक म्हणजे नक्की काय? यांची ताकद कमी पडत होती, की या जोरच लावत नव्हत्या? नीट सांगा. सुरुवातीपासून ताकदच कमी होत आली असेल, तर उतार सात महिन्यांचा आहे. आळस असेल तर या आकड्यांचा मला काही उपयोग नाही, मग अडीच महिनेच धरावे लागतील."

सात महिने मी जे सिद्ध करायला धडपडलो, ते खरं ठरलं असतं तर माझी बायको लवकर जाणार होती. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

ही डॉक्टरांकडे वळली. "मी रोज पूर्ण जोर लावत होते. यांनी जिथे जिथे निरंक लिहिलंय, त्या प्रत्येक दिवशी. घरी येऊन पाय शेकत होते. यांना सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, यांचंच वय झालंय आणि उगाच मनाला लावून घेतील."

डॉक्टर हळूच म्हणाले, "पेशंट तसंच सांगतात, बाई. माझा विश्वास आहे. पण मला काहीतरी मोजलेलं हवं."

"आहे," मी म्हणालो. "मोजलेलं आहे. वहीत नाही."

मग मी गोणीचं सांगितलं. वाळू, अठ्ठावन्न किलो, दुसऱ्या वळणाच्या अलीकडे चौदा मिनिटं, तिथे आडवा पडलो. त्याच आठवड्यात ही मागे असताना पूर्ण चढ पंधरा मिनिटांत. हवालदाराचंही सांगितलं, कारण बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तारीख विचारली, अंतर विचारलं, कागदावर काहीतरी मांडलं, मग पुन्हा माझे सुरुवातीचे आकडे बघितले.

"म्हणजे चौथ्या महिन्यात बरीच ताकद शिल्लक होती," ते म्हणाले, "आणि तरीही सुरुवातीपेक्षा कमी झालेली होती. उतार आहे, पण हळू आहे. हे बरं होणार नाही, तशी आशा मी दाखवणार नाही. पण हळू आहे. या आजारात याहून चांगली बातमी मी कुणाला देऊ शकत नाही."

बाहेर बाकावर आम्ही रिक्षाची वाट पाहत बसलो. ती म्हणाली, "माझ्या जागी गोणी?"

मी रिक्षा येते का ते बघायला वाकलो.

"किती धरलं होतं वजन?"

"अठ्ठावन्न."

"पंचावन्न होतं माझं तेव्हा," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने चष्मा लावला, खुर्ची टेबलाशी ओढली आणि वही उघडून समोर ठेवली. "दुरुस्ती करा. नियमाने." मी एकेका निरंकावर आडवी रेघ मारली, वर 'पूर्ण' लिहिलं आणि बाजूला सही केली. बासष्ट ठिकाणी. तिने बोटांवर मोजली, एक राहिला होता तो दाखवला. "तारीख आजची घाला," ती म्हणाली. "मागची घालाल नाहीतर, तुमचा काय भरवसा." शेवटी गाळलेली नोंद लिहिली. शेऱ्यात काय लिहू, विचारलं. ती म्हणाली, जे झालं ते लिहा. मी लिहिलं, 'गोणीकडून मदत : निरंक.' आणि मग मला रडू आवरेना. तिने मला रडू दिलं, पण वही बाजूला सरकवली. शाई फुटेल म्हणाली.

हालचाल बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय पायडलबरोबर नुसते फिरले तरी चालतील, म्हणाले. मागच्या पायडलना सायकलवाल्याने चामड्याचे पट्टे लावून दिले. परवा तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा निघालो. पहिल्या वळणावर हवालदारांनी रस्ता मोकळा करून दिला. चढ तोच, पण गोणीच्या दिवशीपेक्षा बरा गेला, कारण मी दोनदा थांबलो, आणि दोन्ही वेळा आधी विचारून थांबलो. ती मागून सांगत होती, मागे ट्रक आहे, बाजूला घ्या, आता उजवीकडे खड्डा आहे. तेवीस मिनिटं पन्नास सेकंद लागली. मी टाकीच्या पायरीवर बसलो, ती माझ्या खांद्याला धरून शेजारी बसली. वही काढली. तारीख, वेळ, वारा.

"लिहा की," ती म्हणाली. "निरंक. आता खरं आहे ते."

मी पेन धरून बसलो. निरंक लिहवेना आणि पूर्ण लिहिलं तर तिने खोडून घेतलं असतं. आतून तासाची घंटा झाली. मी वही तशीच तिच्या मांडीवर ठेवली आणि पातळी बघायला आत गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक रकाना मी रिकामा सोडला होता.

परत आलो तर तो भरलेला होता. तिचं अक्षर हल्ली थोडं हलतं, पण वाचता येतं.

'पुढून कुरकुर नेहमीपेक्षा फारच कमी. केव्हापासून ते पाहावं आणि डॉक्टरांना दाखवून घ्यावं.'

खाली सही होती, तारखेसकट.